माझ्या नावाची बोंब

फाल्गुन लागला की कर्जतच्या आसपास राबाचा धूर सुटतो. पुढे भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथं शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून शेतकरी ती जमीन भाजून काढतात. तो धूर जमिनीलगत सरकत नदी ओलांडतो, दहिवलीकडे जातो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो. आज सकाळी सुमननं सदरा हातात दिला तर त्याला तोच वास. होळी होऊन आठवडा झाला, शाळेत नववीचा पेपर काढायचा राहिलाय, आणि मी सदरा नाकाशी धरून उभा. "अहो, घाला की तो," ती म्हणाली. घातला. पण दिवसभर मन कशात लागलं नाही. गेली बावीस वर्षं हा वास आला की मला शिव्या आठवतात, आणि त्याही इंग्रजी.

मी मूळचा देशावरचा. बी.ए.ला इंग्रजी घेतलं आणि साठ साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांत कर्जतच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो. नुकतं लग्न झालेलं. नदीकाठी दोन खोल्या, एक टेबल, आणि टेबलावर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला दोन खंडांचा शब्दकोश. प्रत्येक शब्द कुठून आला, कुणाच्या घरी वाढला, कधी बिघडला, हे सगळं त्यात होतं. गावात मला सगळे सर म्हणत. दुकानदार सर म्हणे, पोस्टमन सर म्हणे, दारावर कोणी आलं तर सुमनसुद्धा "सर घरात नाहीत" असं सांगे. मला ते फार आवडे. या तालुक्यात आपल्याएवढं इंग्रजी कुणाला येत नाही अशी माझी समजूत होती, आणि तिला धक्का लावायला अजून कोणी आलं नव्हतं.

पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात. पुढे घाटाचा उभा चढ, म्हणून गाडीला मागून रेटायला जादा इंजिन जोडावं लागतं. त्याला बँकर म्हणतात. लोणावळ्यापर्यंत ते गाडी ढकलतं आणि रिकामं परत येतं. ही जोडाजोडी चालते तेवढ्यात प्रवासी उतरून वडे खातात. एका रविवारी मेव्हण्याला गाडीत बसवायला मी गेलो होतो. शेवटच्या डब्यापलीकडे दोन माणसं भांडताहेत असं वाटलं. एक म्हातारा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, उन्हानं तांबडा झालेला. दुसरा त्याचा असिस्टंट, पंचविशीचा, सावळा, खाकी कपड्यातला.

"व्हेअर द हेल वेअर यू?" म्हातारा ओरडला.

"व्हेअर द हेल कुड आय बी? मेकिंग युअर ब्लडी टी," असिस्टंट म्हणाला. आणि दोघंही हसले.

मी फलाटावर उभा होतो तो उभाच राहिलो. मला ते उत्तर सुचलं नसतं. म्हणजे सुचलं असतं, पण घरी पोचल्यावर. माझं इंग्रजी आधी मराठीत जन्मायचं, मग कपडे बदलून, भांग पाडून बाहेर यायचं. या माणसाचं तोंडातच जन्मत होतं. वडेवाल्याला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, इथल्या कोंडाणे गावचा गजा. भातशेती हाय त्यांची. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गचकला, मंग रेल्वेत लागला.

दोनदा नापास हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट पोटात दुखायला लागलं. लपवण्यात अर्थ नाही, मला त्याचा हेवा वाटला. दुसऱ्याच्या शेतात पीक बघून वाटतो तसला साधा हेवा नव्हे. आपल्याच शेतात आपण राबलो, आणि पीक शेजाऱ्याच्या बांधावर आलं, तसा.

आणि देवाची करणी बघा, पौषात तोच गजानन वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभा. फाल्गुनात त्याची ड्रायव्हरकीची परीक्षा होती. तोंडी परीक्षा घेणाऱ्या साहेबांना मराठी येत नव्हतं, हिंदीही बेताचं. इंग्रजीतच उत्तरं द्यायची. त्यानं म्हाताऱ्याला, म्हणजे बर्टीला, शिकव म्हटलं, तर बर्टी म्हणाला की माझं इंग्रजी इंजिनापुरतं ठीक आहे, तू मास्तराकडे जा. गावातले लोक बर्टीसाहेब म्हणत, गजानन नुसता बर्टी म्हणे. पहिल्या दिवशी त्यानं सर म्हटलं होतं, तेव्हा म्हातारा खवळला होता: "डोंट यू ब्लडी सर मी." त्यानंतर तो शब्द त्या इंजिनात कधी निघाला नाही.

परीक्षेची एवढी घाई का, ते गजाननानं मला त्याच दिवशी सांगितलं. बर्टीची मुलगी ऑस्ट्रेलियात होती आणि वैशाखात तो कायमचा तिच्याकडे जाणार होता. "त्याच्या आदी मला पास व्हायचंय, सर," गजानन म्हणाला. "एकदा तरी मी त्याच्या जागेवर बसनार, त्याला बाजूला हुबा करनार, आन् गाडी घाटावर नेनार. मंग जाऊ दे त्याला कुटं जायचं तिकडं."

आठवड्यातून दोन संध्याकाळी तो येऊ लागला. माझ्या मनात त्याला नियम शिकवायचे होते. पण पहिल्याच दिवशी गाडी शिव्यांवर गेली, कारण त्याला येणारं सगळं इंग्रजी शिव्यांच्या दोरीत ओवलेलं होतं. मग मीही चेव येऊन शब्दकोश उघडला. आपल्याला निदान जन्मकथा तरी ठाऊक आहेत, हे मला त्याला दाखवायचं होतं. डॅम हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ नुकसान, दंड. आधी माणसांच्या कचेरीत दंड ठोठावत, मग तो शब्द देवाच्या कचेरीत गेला आणि कायमची नरकाची शिक्षा असा त्याचा अर्थ झाला. डॅम यू म्हणताना आज्ञा केल्यासारखी वाटते, पण ती समोरच्याला नाही. नरकात टाकणारा देव, त्याचं नाव वाक्यातून गळालं आणि काम तेवढं उरलं. गजानन विचार करून म्हणाला, म्हणजे आपल्या च्यायलासारकंच की, सर. आईचं नाव ऱ्हातं, पुढचं गिळतात. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ब्लडीचं तर कोशकारालाही नक्की सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे, बाय अवर लेडी या मेरीमातेच्या शपथेचा तो अपभ्रंश. कोश म्हणत होता, ही लोकांनी रचलेली गोष्ट दिसते. पूर्वी उमरावांच्या उनाड पोरांना ब्लड, म्हणजे रक्त, म्हणत, त्यांच्या दारूबाजीवरून तो शब्द आला असावा. गजाननाला दोन्हींत रस नव्हता. गो टू हेलवर मात्र तो खूश झाला. आमी मसनात जा म्हनतो, तो म्हणाला, मसन गावाच्या खालतीच हाय, मानूस जाऊन परत येतो. ह्यांचं हेल लई लांब दिसतंय. आत चहा करत असलेली सुमन खळखळून हसली. तिला माझ्या कुठल्याही तासाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. नंतर मी तिला विचारलं, एवढं काय हसायचं त्यात? ती म्हणाली, "तुमचं इंग्रजी इस्त्रीच्या धोतरासारखं आहे हो. घडी मोडायची भीती वाटते." थट्टाच होती. पण मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

बर्टी शब्दाच्या मधोमध शिवी घालायचा. ॲब्सोलूटली नाही म्हणायचा, ॲब्सो-ब्लडी-लूटली म्हणायचा. ती नेमकी कुठं घुसवायची याला नियम आहे, जिथं शब्दावर जोर पडतो त्याच्या बरोबर आधी. हा नियम मी शोधून काढला, वहीत लिहिला, चार उदाहरणं जोडली. गजाननाला नियम ठाऊक नव्हता आणि तो एकदाही चुकत नव्हता. मी न्हाणीघरात तांब्या खणखणवत सराव करी. इम्पॉसिबल, इम-ब्लडी-पॉसिबल. बरोबर यायचं, पण माझ्या तोंडून ते शुभंकरोतीसारखं निघायचं. एकदा बाहेरून सुमननं विचारलं, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, पाणी गार आहे.

होळीचं गजाननानंच मला सांगितलं. कोंडाण्यात होळीला नावं घेतात. वर्षभर ज्याचा ज्याचा राग मनात असेल, त्याचं नाव आणि त्याची खोडी जाळासमोर मोठ्यानं सांगायची, आणि मग सगळ्या गावानं त्याच्या नावानं बोंब मारायची. बांध कोरला, उधारीची बैलजोडी वेळेवर दिली नाही, सुनेला माहेरी धाडलं नाही, काहीही. ज्याचं नाव निघेल त्यानं चिडायचं नाही. बोंब मारली की तो राग जाळात गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी पोळी खायची. पण हे फक्त गावच्या माणसांसाठी. परक्याचं नाव घेत नाहीत. पाहुणा, सरकारी माणूस, व्यापारी, यांना नमस्कार करायचा आणि गूळखोबरं द्यायचं.

बर्टीचं नाव गेली पाच वर्षं निघत होतं. गजाला शिव्या घालतो, म्हणून. तो दर वर्षी यायचा, आपलं नाव निघालं की टोपी काढायचा, आणि सगळ्यांबरोबर तोंडावर उलटा हात मारून स्वतःच्याच नावानं बोंब मारायचा.

त्या रात्री मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते. माझ्या नावानं या तालुक्यात कोण बोंब मारील, याचा मी विचार करत बसलो. एकही नाव सुचेना. मला शिवी देणारं कोणी नव्हतं. मी सर होतो.

परीक्षा परवावर आली. गजाननानं चाळीस पानी वहीत देवनागरीत उत्तरं लिहून आणली होती. एकेक वाक्य तो वाचायचा आणि मी लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचो. चूक असेल तिथं दुरुस्त करायचो. शेवटचा प्रश्न होता, घाटात गाडी मागे घसरायला लागली तर काय कराल. त्यानं वाचलं: "फर्स्ट आय विल स्टॉप द ब्लडी ट्रेन, देन आय विल आस्क व्हॉट द हेल हॅपन्ड." हे बर्टीचं वाक्य होतं, आणि घाटात माणसं कशी वाचवायची याचं त्याहून चांगलं उत्तर मी आजही देऊ शकणार नाही.

माझी पेन्सिल थांबली. गजाननानं वर पाहिलं. "हे आसंच बोलू ना, सर? सायबासमोर?"

त्याला कळत नव्हतं असं नाही, शंका आली म्हणूनच त्यानं विचारलं. बर्टी दिवसभर त्याच्याशी असाच बोलायचा, आणि बर्टीइतका त्याला कोणी जीव लावला नव्हता. त्यामुळे इंग्रजीत हे प्रेमानं बोलणं असतं असा त्याचा समज झालेला. दोन शब्द खोडायचे होते. एक ब्लडी, एक द हेल. पेन्सिल हातात होती. आत सुमन त्याच्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकत होती, न विचारता.

"वाक्य बरोबर आहे," मी म्हणालो. आणि खूण केली.

व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात एकही चूक नव्हती. भविष्यकाळ ठीक, क्रम ठीक. हे मी स्वतःला त्या रात्री सांगितलं, आणि नंतर कितीतरी रात्री. मास्तर माणसाला स्वतःची समजूत घालायला नियम पुष्कळ सापडतात.

साहेबांनी त्याला वाक्य पुरं होताच बाहेर काढलं. उद्धट म्हणून शेरा मारला, आणि तीन वर्षं परीक्षेला बसायचं नाही असं ठरलं. त्यानंतर दोन दिवसांनी तो आला. मी म्हटलं, बस. तो बसला नाही. त्यानं वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. लाल खूण. मी काहीतरी बोललो, साहेब लहरी असतात वगैरे. तो खुणेकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं. वही मिटली, खिशात घातली. "येतो, सर," म्हणाला. आवाज चढवला नाही. जाताना सुमनला मात्र सांगून गेला, होळीला या वहिनी, मागंच बोलावलं हाय ना.

मी जाणार नव्हतो. सुमनला खरं सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला कारणही देता येईना. आम्ही गेलो. कोंडाण्याच्या रस्त्याला पळस फुललेला होता, रानं भेगाळलेली, दोन्ही बाजूंना भाजलेल्या राबाचे काळे चौकोन. दिवस मावळता मावळता होळी पेटली. सावरीचा उंच सोट मध्ये उभा. नावं निघायला लागली. बर्टी आला होता. त्याचं नाव निघालं, शेवटचं वर्ष म्हणून दोनदा निघालं. तो टोपी काढून ओरडला आणि मग टोपीनंच डोळे पुसले. वर घाटात एक गाडी चढत होती, आणि तिच्या मागच्या इंजिनानं शिटी दिली, तेव्हा त्यानं आणि गजाननानं एकदमच मान वर केली.

मग गजाननाचा चुलतभाऊ बाळू पुढे झाला. "आमच्या गजाला विंग्रजी शिकवनाऱ्या सरांच्या नावानं..."

सगळ्या गावाचे हात तोंडाकडे गेले. मी डोळे मिटले. खोटं नाही सांगत, मला हवी होती ती बोंब. शिक्षा म्हणून हवी होती, आणि त्याहून जास्त, आपलं नाव या जाळासमोर निघतंय म्हणून हवी होती. एवढं करूनसुद्धा मला पहिला उमाळा आला तो आनंदाचा.

"सरांचं नाय," गजाननाचा आवाज आला. त्यानं बाळूचा हात धरला होता. "सर परके हायत. त्यांना गूळखोबरं दे."

मला गूळखोबरं मिळालं. मी ते खाल्लं. बाजूला सुमन म्हणाली, किती मान देतात नाही तुम्हाला. राग जाळात टाकायची सोय समोर पेटलेली होती आणि त्यानं माझ्यावरचा राग तिथं टाकला नाही, घरी घेऊन गेला, हे त्या गर्दीत फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं.

बर्टी वैशाखात गेला. गजाननाला त्याच्या जागेवर बसलेलं त्यानं पाहिलं नाही. तीन वर्षांनी गजानन पास झाला. दुसऱ्या कुणाकडून तरी शिकला. पहिली गाडी नेली तेव्हा बाजूला कोणी अनोळखी पोरगा होता. माझ्याशी त्याचं वागणं कधी बिघडलं नाही. दर वर्षी वालाच्या शेंगा आल्या, दर वर्षी होळीचं बोलावणं आलं. नमस्कार सर. कसं काय सर. मुलं कशी हायत, सर. सुमनला मी खरं सांगितलं ते दहा वर्षांनी. त्या दिवसापासून शेंगा सोलताना तिनं मला जवळ बसवलं नाही.

आणि बर्टीचं नाव चालूच राहिलं. माणूस समुद्रापार, पण फाल्गुनी पौर्णिमेला कोंडाण्यात त्याच्या नावानं बोंब. दर वर्षी माझा जीव जळे. मी इथं, चार मैलांवर, बावीस वर्षं त्यांची पोरं शिकवतोय, आणि नाव त्याचं.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी गजानन स्टेशनवर भेटला. बर्टीच्या मुलीचं पत्र आलं होतं. म्हातारा गेला. मी म्हटलं, मग यंदा त्याचं नाव घेणार नाही. तो माझ्याकडे आश्चर्यानं बघत म्हणाला, "म्हंजे? आता तर घ्यायलाच पायजे, सर."

घेतलं. आधी कुणाचंच घेतलं नव्हतं इतक्या जोरात. गजानन, आता डोक्याचे केस पांढरे झालेला, उलटा हात तोंडावर मारत रडत होता आणि ओरडत होता. मेलेल्या माणसाचा मला हेवा वाटला. एवढा, की पाय आपोआप पुढे गेले. मी जाळासमोर उभा राहिलो आणि वर्गात कधी काढला नाही असा आवाज काढला. म्हटलं, ज्या सरानं चूक दिसत असताना बरोबर म्हणून खूण केली, गजाचं इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं आहे हे सोसलं नाही म्हणून केली, त्या सराच्या नावानं. आणि मी एकट्यानं बोंब मारली.

कोणी साथ दिली नाही. नव्या पोरांना काही कळलं नाही, म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. सरांच्या नावानं कशी मारायची. लाकडं तडतडत राहिली. पलीकडून गजानन जाळाला वळसा घालून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. डोळे अजून ओले होते.

"यू ब्लडी फूल, सर," तो म्हणाला. "बावीस वर्सं लावलीत."

मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढचं नाव निघालं. घरी येताना मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो. मला मिळालेली पहिली आणि एकुलती एक शिवी. ब्लडी अगदी जागच्या जागी होता, फूलच्या आधी. सुमनलाही म्हणून दाखवलं. ती म्हणाली, झालं ना आता समाधान? हो म्हटलं. पण आठवडा झाला तरी वाक्याचा शेवटचा शब्द मला टोचतोय. त्या पहिल्या दिवसानंतर बर्टीला त्यानं कधीच सर म्हटलं नव्हतं.